परत येणारा अग्निबाण : पाहावयाचे काय आणि शिकवावयाचे काय

(प्राथमिक शिक्षकांच्या गटसंमेलनांत चर्चेसाठी)



अग्निबाण आकाशात झेपावतो, आठ-नऊ मिनिटांनी त्याचाच खालचा भाग आगीच्या झोतावर तोलत परत येतो आणि चार पाय पसरून जमिनीवर उभा राहतो, हे दृश्य आता आपल्या खेड्यांतील मुलांनीही पाहिले आहे. कोणी ते शाळेच्या पडद्यावर पाहिले, तर कोणी वडिलांच्या भ्रमणध्वनीवर. शाळाभेटींच्या वेळी या विषयावर मुले दोन प्रकारची मते मांडतात, असे आढळून येते. काहींना ही चित्रफीत उलटी फिरविलेली वाटते. काहींना ती जादू वाटते. पहिल्या मुलांना अविश्वासाने घेरले आहे आणि दुसऱ्यांना भाबडेपणाने. दोघांनाही विचाराच्या वाटेवर आणणे हे शिक्षकाचे काम होय. त्यासाठी लागणारी माहिती आणि वर्गात करावयाची सोपी कामे या लेखात क्रमाने दिली आहेत.

१. हा विषय का घ्यावयाचा?

दिनांक २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विदर्भातील शिक्षकांना आठवत असेल. त्या दिवशी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते लोळ सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. कोणी त्यास उल्का म्हटले, कोणी विमानाचा अपघात म्हटले, कोणी अशुभाची खूण मानली. ते एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे मत जाणकारांनी पुढे मांडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु त्या रात्री गावोगावच्या मुलांनी आपल्या गुरुजींना आणि बाईंना प्रश्न विचारले असतील. ज्या शाळेत त्यांचे समाधानकारक उत्तर मिळाले तेथील भीती ओसरली. जेथे उत्तर मिळाले नाही तेथे अफवेने जागा घेतली.

अग्निबाण हा केवळ दूरच्या देशाचा विषय राहिलेला नाही, तो आपल्या डोक्यावरून जाणारा विषय आहे. एकदा वापरून फेकून दिलेल्या भागांचे पुढे काय होते, या प्रश्नाशीच परत येणाऱ्या अग्निबाणाचा संबंध आहे. यास्तव त्याचे ज्ञान शिक्षकाजवळ असणे अगत्याचे आहे.

२. अग्निबाण वर कसा जातो?

येथे एक चुकीची समजूत फार प्रचलित आहे. अग्निबाणातून निघणारा वायू खालच्या हवेला ढकलतो आणि म्हणून अग्निबाण वर जातो, असे अनेक जण समजतात. तसे असते तर जेथे हवाच नाही अशा अवकाशात त्याचे एंजिन निकामी ठरले असते. वस्तुस्थिती उलट आहे. अग्निबाण आपल्या पोटातील वायू अतिशय वेगाने खाली फेकतो. त्या फेकण्याच्या क्रियेची प्रतिक्रिया म्हणून तो स्वतः वर ढकलला जातो. न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम तो हाच. हवेचा त्यास आधार तर नाहीच, उलट अडथळाच होतो.

सध्या ज्याची उड्डाणे सर्वांत अधिक संख्येने होतात तो अमेरिकेतील स्पेसएक्स या खाजगी कंपनीचा ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण उदाहरणादाखल घेऊ. त्याची उंची सुमारे ७० मीटर, जाडी ३.७ मीटर आणि भरलेल्या स्थितीत वजन सुमारे ५४९ टन असते. पहिल्या टप्प्याला नऊ एंजिने आहेत; नावातील ‘९’ हा आकडा तोच. इंधन म्हणून विशेष शुद्ध केलेले रॉकेल वापरतात आणि ते जाळण्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन सोबत नेतात. हा ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसपेक्षाही थंड असतो. उड्डाणापूर्वी अग्निबाणाभोवती जे पांढरे लोट दिसतात त्यांस मुले धूर समजतात. तो धूर नव्हे. आइसकांडीच्या पेटीचे झाकण उघडताच जशी वाफेसारखी धुकटी दिसते तसेच हे आहे. अतिथंड ऑक्सिजनामुळे हवेतील बाष्प गोठून हे लोट तयार होतात.

आता पुढचा प्रश्न. अवकाशात पोचणे आणि अवकाशात राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नुसते उंच फेकलेले यान दगडाप्रमाणे खाली येईल. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी त्यास आडवा वेग द्यावा लागतो, तोही सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. मुंबई ते नागपूर हे सुमारे ७०० किलोमीटरचे हवाई अंतर या वेगाने दीड मिनिटात कापले जाईल. ‘वर गुरुत्वाकर्षण नसते म्हणून यान पडत नाही’ हे पाठ्येतर पुस्तकांतून अधूनमधून आढळणारे विधान खोटे आहे. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचे आकर्षण येथल्यापेक्षा केवळ एकदशांशाने कमी असते. यान सतत पडतच असते. परंतु ते इतक्या वेगाने पुढे जात असते की पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वाकत जाते आणि पडणे कधी संपत नाही.

३. टप्पे कशासाठी?

एवढा वेग मिळविण्यास प्रचंड इंधन लागते, आणि ते इंधन उचलण्यासाठी पुन्हा इंधन लागते. ५४९ टनांच्या या अग्निबाणाचा कोणताही भाग परत आणावयाचा नसला तरी पृथ्वीजवळच्या कक्षेत त्यास सुमारे २२.८ टनच भार नेता येतो. म्हणजे शंभर किलोमागे चार किलो. बाकी सर्व इंधन आणि ते ठेवण्याची भांडी! रिकामी झालेली भांडी अखेरपर्यंत वाहून नेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. म्हणून अग्निबाणाचे दोन-तीन टप्पे करतात. एक रिकामा झाला की त्यास सोडून देऊन दुसरा पुढे जातो.

दीर्घकाळ हे सुटलेले टप्पे समुद्रात पडून नष्ट होऊ देण्याची रीत होती. फाल्कन ९ चा पहिला टप्पा, ज्यास बूस्टर म्हणतात, तो तर सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग. संपूर्ण अग्निबाणाच्या खर्चापैकी सुमारे ६० टक्के खर्च त्याचा, असे कंपनीच्या चालकांनी सांगितले आहे. एस. टी. गाडीने मुंबई गाठावी आणि उतारू उतरल्यावर गाडी खाडीत ढकलून द्यावी, पुढच्या फेरीसाठी नवी गाडी बांधावी, असा हा प्रकार होता. या उदाहरणाने मुलांना पुनर्वापराचे प्रयोजन चटकन कळते.

पुनर्वापराची कल्पना अगदी नवी मात्र नव्हे. अमेरिकेचे स्पेस शटल १९८१ ते २०११ या काळात उडत होते. त्याचे यान विमानाप्रमाणे धावपट्टीवर उतरे, आणि दोन बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर हवाई छत्र्यांनी समुद्रात उतरवून पुन्हा वापरीत. आपल्या कल्पना चावला याच यानमालिकेतील कोलंबिया यानाच्या अपघातात १ फेब्रुवारी २००३ रोजी मृत्यू पावल्या. एंजिनाच्या झोतावर उभे उतरण्याचा प्रयोगही डीसी-एक्स नावाच्या लहान अग्निबाणाने १९९३ साली न्यू मेक्सिकोत करून दाखविला होता. तथापि उपग्रह कक्षेत पोचविणाऱ्या मोठ्या अग्निबाणाचा टप्पा असा उतरविणे, तेही नित्याचा व्यवहार म्हणून, हे यापूर्वी साधले नव्हते.

४. परतीची आठ मिनिटे

एक प्रत्यक्ष उड्डाण घेऊ. दिनांक २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांना घेऊन फाल्कन ९ निघाला. फ्लॉरिडातील ज्या ३९-ए या तळावरून १९६९ च्या जुलैत अपोलो ११ चंद्राकडे गेले, तोच हा तळ. राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या प्रवासानंतर ४१ वर्षांनी भारतीय अंतराळवीर अवकाशात जात होता. मोहीम अॅक्सिअम या खाजगी कंपनीने आखली होती आणि अनुभवी अंतराळवीर पेगी व्हिटसन तिच्या प्रमुख होत्या. तो दिवस बुधवार होता. आपल्याकडे भर दुपार असताना पडद्यावर काळोख का दिसतो, असा प्रश्न विचारता येण्याजोगा होता. तेथे तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. पृथ्वीच्या परिवलनाचा धडा इतक्या सहजपणे क्वचितच हाती येतो.

अशा उड्डाणात घटनांचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

(अ) उड्डाणानंतर सुमारे अडीच मिनिटांनी पहिल्या टप्प्याची एंजिने बंद होतात आणि तो सुटतो. त्या वेळी तो साधारण ६५ ते ८० किलोमीटर उंचीवर असतो व त्याचा वेग कक्षेतील वेगाच्या सुमारे पाव असतो. दुसरा टप्पा आपले एकच एंजिन पेटवून पुढे जातो.

(आ) सुटलेला बूस्टर लगेच खाली येत नाही. वर फेकलेल्या चेंडूप्रमाणे तो अजून चढतच असतो आणि शंभर किलोमीटरच्याही वर जातो. तेथे हवा जवळजवळ नसल्याने नायट्रोजन वायूचे लहान फवारे मारून तो आपले तोंड फिरवितो. मग तीन एंजिने पुन्हा पेटवून समुद्राकडे जाणारा वेग मोडून काढतो आणि किनाऱ्याकडे वळतो.

(इ) वरच्या बाजूचे चार जाळीदार पंख उघडतात. टायटॅनियम धातूचे हे पंख होडीच्या सुकाणूप्रमाणे काम करतात. हवा त्यांच्या जाळीतून जाते आणि ते किंचित फिरवून बूस्टरला दिशा देता येते.

(ई) दाट हवेत शिरण्यापूर्वी तीन एंजिने थोडा वेळ पेटवून वेग कमी करतात. तसे न केले तर हवेच्या दाबाने व उष्णतेने बूस्टर मोडून जाईल.

(उ) अखेरीस बहुधा मधले एकच एंजिन पेटते, शेवटच्या काही सेकंदांत चार पाय उघडतात आणि उड्डाणानंतर सुमारे आठ मिनिटांनी, चौदा मजली इमारतीएवढा हा उभा नळकांड्यासारखा टप्पा जमिनीवर टेकतो. नवव्या मिनिटाच्या सुमारास तिकडे दुसऱ्या टप्प्याचे एंजिन कक्षेत पोचून थांबते.

यातील शेवटची पायरी विशेष समजून घेण्यासारखी आहे. रिकामा झालेला बूस्टर इतका हलका असतो की एका एंजिनाचा जोर कमीत कमी ठेवला तरी तो बूस्टरच्या वजनाहून अधिक भरतो. म्हणून हेलिकॉप्टरप्रमाणे हवेत तरंगत थांबून, जागा पाहून, सावकाश उतरणे त्यास शक्य नसते. त्याचा वेग नेमका जमिनीवर टेकण्याच्या क्षणी शून्य व्हावा लागतो. वेग आधीच शून्य झाला तर तो पुन्हा वर जाऊ लागेल. उशिरा झाला तर आदळेल. चेंडू सरळ वर फेकला असता उंचीच्या टोकाला क्षणभर त्याचा वेग शून्य होतो आणि मग तो उलट फिरतो. तसा हा क्षण आहे, फक्त दिशा उलटी. तो साधण्याचे गणित यंत्रातील संगणक सेकंदात अनेक वेळा करीत असतो. दूर बसून कोणी माणूस त्यास हाकीत नसतो.

सर्वच बूस्टर जमिनीवर परततात असेही नाही. परतीसाठी इंधन राखून ठेवावे लागते, तेवढा भार कमी न्यावा लागतो. भार जड असेल किंवा कक्षा दूरची असेल तेव्हा बूस्टरला किनाऱ्यापर्यंत मागे फिरणे परवडत नाही. अशा वेळी तो ज्या बाजूला जात आहे त्याच बाजूला समुद्रात एक माणसांविना चालणारा तराफा उभा ठेवतात. तो सुमारे ९० मीटर लांब व ५० मीटर रुंद असतो आणि लाटांवर हलणाऱ्या त्या फळीवर बूस्टर उतरतो. आपला ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-२० हा दळणवळण उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार मध्यरात्र उलटताच, फाल्कन ९ ने नेला, तेव्हा बूस्टर असाच तराफ्यावर उतरला होता. तेवढा जड उपग्रह त्या प्रकारच्या दूरच्या कक्षेत नेणे आपल्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या सुमारे चार टनांच्या शक्तीबाहेरचे होते, म्हणून हे उड्डाण पैसे देऊन विकत घेण्यात आले. अवकाश-व्यापार म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण होय. व्यापार दुसऱ्या बाजूनेही चालतो. २०२२ व २०२३ साली आपल्या एलव्हीएम-३ ने वनवेब या परदेशी कंपनीचे प्रत्येकी ३६ उपग्रह दोन उड्डाणांत नेले आहेत.

५. फसलेल्या प्रयत्नांची नोंद

मुलांना यशाची चित्रफीत दाखविताना त्याआधीचा इतिहास सांगितलाच पाहिजे. स्पेसएक्सची स्थापना २००२ साली इलॉन मस्क यांनी केली. तिच्या फाल्कन १ या पहिल्या लहान अग्निबाणाची २००६, २००७ व २००८ मधील तीन उड्डाणे फसली. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे साधले.

अवतरणाचीही कथा तीच. जानेवारी २०१५ मध्ये बूस्टर तराफ्यापर्यंत पोचला, पण जाळीदार पंख फिरविण्याचे तेल मध्येच संपले आणि तो आदळला. एप्रिल २०१५ मध्ये इंधनाचा जोर कमीअधिक करणारी झडप वेळेवर हलली नाही. बूस्टर टेकला आणि कलंडला. जून २०१५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील एक आधारपट्टी तुटून सारा अग्निबाणच हवेत फुटला. त्यानंतर दिनांक २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री, अकरा उपग्रह पाठवून, बूस्टर फ्लॉरिडाच्या केप कॅनाव्हरल येथे जमिनीवर सुखरूप उतरला. तरीही पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारी २०१६ रोजी, एक पाय पक्का अडकला नाही म्हणून दुसरा बूस्टर तराफ्यावर कोसळला. समुद्रावरचे पहिले यश ८ एप्रिल २०१६ चे. एकदा उडून आलेला बूस्टर पुन्हा उडविण्यास ३० मार्च २०१७ हा दिवस उजाडावा लागला.

तेल, झडप, पट्टी, पायाची कडी! प्रत्येक वेळी कारण निराळे आणि प्रत्येक वेळी ते शोधून काढलेले. २०१७ साली कंपनीने आपल्या फसलेल्या अवतरणांची चित्रफीत स्वतःच प्रसिद्ध केली. गणितातील चुकलेली पायरी खोडरबराने पुसून टाकणाऱ्या विद्यार्थ्यास ती अवश्य दाखवावी. चूक पुसावयाची नसते, ती कोठे झाली हे शोधावयाचे असते.

आज ही गोष्ट नित्याची झाली आहे. २०२४ या एका वर्षात फाल्कन ९ ची शंभराहून अधिक उड्डाणे झाली. २०२५ अखेर यशस्वी अवतरणांची संख्या पाचशेच्या पुढे गेली आणि एका बूस्टरने तिसाहून अधिक वेळा उड्डाण केले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये तेविसाव्या उड्डाणाहून परतलेला एक बूस्टर तराफ्यावर उलटला. नित्याचे म्हणजे निर्धोक नव्हे.

इतरांनीही मार्ग धरला आहे. ब्लू ओरिजिन या कंपनीचा न्यू शेपर्ड हा लहान अग्निबाण नोव्हेंबर २०१५ मध्येच अवकाशाची सीमा गाठून टेक्सासमध्ये उभा उतरला होता. मात्र तो कक्षेत भार नेणारा नव्हता. त्याच कंपनीच्या न्यू ग्लेन या मोठ्या अग्निबाणाचा बूस्टर पहिल्या उड्डाणात गमावला गेला आणि दुसऱ्यात, १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, समुद्रातील जहाजावर उतरला. स्पेसएक्सच्या स्टारशिप या अतिप्रचंड अग्निबाणाचा ३३ एंजिनांचा बूस्टर १३ ऑक्टोबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये पायांवर न उतरता उड्डाणमनोऱ्याच्या दोन पोलादी बाहूंनी हवेतच झेलून धरला.

६. प्रत्यक्ष पाहणारे काय पाहतात?

फ्लॉरिडातील टिटसव्हिल, कोको बीच इत्यादी गावांत उड्डाण पाहावयास जमण्याची परंपरा अपोलोच्या काळापासूनची आहे. लोक समुद्रकाठी वा खाडीच्या काठावर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्या अनुभवातील तीन गोष्टी वर्गात उपयोगी पडतात.

पहिली : प्रकाश आधी, आवाज नंतर. पंधरा-वीस किलोमीटरवर बसलेल्यास अग्निबाण बराच वर गेल्यावर त्याची गर्जना ऐकू येते. १७ किलोमीटर अंतर आणि सेकंदाला ३४० मीटर ध्वनीचा वेग धरून हा काळ मुलांकडून काढून घ्यावा. उत्तर : ५० सेकंद. पावसाळ्यात विजेनंतर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजण्याचा खेळ याच तत्त्वावर चालतो.

दुसरी : बूस्टर ध्वनीपेक्षा अधिक वेगाने खाली येत असल्याने तोफेसारखे लागोपाठ बार ऐकू येतात. दूरच्या प्रेक्षकांस ते ऐकू येतात तेव्हा बूस्टर बहुधा जमिनीवर शांत उभा असतो. बार ऐकून अपघात झाला असे नवख्यांस वाटते.

तिसरी : सूर्यास्तानंतर वा सूर्योदयापूर्वी झालेल्या उड्डाणात जमिनीवर अंधार असतो, पण उंचावर ऊन असते. अग्निबाणाचा पसरलेला वायू त्या उन्हात उजळतो आणि आकाशात प्रचंड जेलीफिशसारखी आकृती दिसते. डोंगराच्या पायथ्याशी अंधारले असताना शिखरावर ऊन असते, हे आपल्या सह्याद्रीतील मुलांस सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांस शिकावी लागते, ती म्हणजे धीर. शुभांशु शुक्ला यांचे उड्डाण अनेकदा पुढे ढकलले गेले. कधी वारा होता, कधी बूस्टरमध्ये द्रव ऑक्सिजनाची गळती आढळली, तर कधी अवकाश-स्थानकाची तपासणी बाकी होती. उड्डाण रद्द झाले म्हणून हिरमुसलेल्या मुलांना सांगावे की जे उड्डाण गळती सापडल्यावर थांबले तेच खरे चांगले चालविलेले उड्डाण.

७. आपल्या देशातील प्रयत्न

थुंबा येथून पहिला लहान अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला. आज इस्रोही पुनर्वापराच्या वाटेवर आहे, पण तिने आधी पंखांच्या यानाचा प्रयोग हाती घेतला. २३ मे २०१६ रोजी त्याची पहिली चाचणी झाली. पुढे कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलेले यान २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ रोजी स्वयंचलितपणे धावपट्टीवर उतरले. पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल अशा नव्या मोठ्या अग्निबाणाच्या विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. श्रीहरिकोटा येथे सामान्य नागरिकांस उड्डाण पाहता यावे म्हणून २०१९ पासून प्रेक्षागारही उघडण्यात आले आहे. आज चौथीत असलेला विद्यार्थी नोकरीस लागेल त्या सुमारास हे काम भरात असेल, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

८. वर्गात करावयाची कामे

(१) फुगा व दोरा : खोलीच्या दोन टोकांस दोरा ताणून बांधावा, त्यात पोकळ नळी ओवावी, नळीस फुगविलेला फुगा चिकटवून तोंड मोकळे करावे. हवा मागे, फुगा पुढे. क्रिया-प्रतिक्रियेचा पाठ येथे पुरा होतो.

(२) बॅडमिंटनचे फूल : पिसे खाली व बूच वर अशा रीतीने ते उंचावरून सोडावे. ते आपोआप फिरून बूच खाली करून पडेल. जड बाजू पुढे, हवा अडविणारी बाजू मागे. बूस्टरची जड एंजिने खाली आणि जाळीदार पंख वर का, हे मुले स्वतःच सांगतील. फूल नसेल तेथे बुचास कोंबडीची पिसे खोचून काम भागते.

(३) तळहातावरील काठी : लांब काठी तळहातावर उभी तोलावी, मग पेन्सिल तोलून पाहावी. काठी सोपी, पेन्सिल कठीण असे आढळेल, कारण काठी सावकाश कलते व हात हलविण्यास वेळ मिळतो. अग्निबाणाचे एंजिनही आपले तोंड किंचित इकडेतिकडे वळवून असाच तोल सांभाळते.

(४) चित्रवाचन : जेथे पडदा वा वीज नाही तेथे फलकावर परतीच्या पाच अवस्था काढाव्यात आणि मुलांकडून क्रम लावून घ्यावा. वरच्या इयत्तांना प्रत्येक अवस्थेसमोर ‘हे न केल्यास काय होईल?’ असे लिहावयास सांगावे.

चित्रफीत उलटी फिरविलेली आहे काय, हा मुलांचा प्रश्न झिडकारू नये. तो उत्तम प्रश्न आहे. उतरताना बूस्टरचे पाय उघडलेले असतात, अंगावर काजळी अधिक असते, आणि वरचा अर्धा भाग नसतो. निघताना तसे नव्हते. हे फरक मुलांनीच शोधावेत. हल्ली संगणकाने बनविलेली खोटी चित्रेही पसरत असल्याने चित्रफीत कोठून आली हे विचारण्याची सवय याच निमित्ताने लावावी.

९. दोन सूचना

पहिली सूचना सुरक्षिततेची. हा पाठ झाल्यावर काही मुले फटाक्यांतील दारू काढून नळ्यांत भरण्याचा प्रयत्न करतात. हे हातापायांवर व डोळ्यांवर बेतणारे आहे. पाठाच्या शेवटी याची स्पष्ट ताकीद द्यावी आणि पालकांच्याही कानावर घालावे. शाळेत फुग्याच्या पुढे जाऊ नये.

दुसरी सूचना विवेकाची. कोणत्याही कंपनीचे वा व्यक्तीचे स्तोत्र म्हणून हा पाठ घेऊ नये. फाल्कन ९ चा पहिला टप्पा परत येतो, दुसरा येत नाही. तो कामानंतर बहुधा निर्मनुष्य समुद्रावर पाडून नष्ट करतात. लाडबोरीस पडलेले कडे वरच्या टप्प्याचेच होते, म्हणजे तो प्रश्न बूस्टर उतरल्याने सुटलेला नाही. उड्डाणे स्वस्त झाल्याने उपग्रहांची संख्या हजारोंनी वाढली, त्यामुळे दूरच्या गावी दळणवळण पोचले. पण खगोलनिरीक्षकांच्या कामात व्यत्ययही आला. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवाव्यात आणि मत बनविण्याचे काम त्यांच्यावर सोडावे.

समारोप

पुढील गटसंमेलनात प्रत्येक शाळेने वरील चारपैकी निदान एक काम करून, मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी सोबत आणावी. शिक्षकास उत्तर आले नाही असे प्रश्न त्या यादीत प्रथम लिहावेत, कारण संमेलनातील चर्चेस खरा उपयोग त्यांचाच होतो. आकाशातून पुन्हा एखादा जळता लोळ सरकत जाईल त्या रात्री गावातील लोक शाळेकडे विचारणा करतील. त्या वेळी त्यांस शांतपणे चार वाक्यांत कारण सांगू शकणारे एखादे मूल आपल्या वर्गातून तयार झालेले असावे, एवढीच या पाठाकडून अपेक्षा आहे.